दसऱ्याच्या घाईत गंजावर रंग मारू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील वाहन-देखभालीच्या चौकटीत एक सल्ला होता: गाडीच्या पत्र्यावरचा गंज टॉयलेट क्लीनरने पुसावा, त्यावर स्प्रेचा डबा फिरवावा आणि दसऱ्याच्या पूजेला गाडी चकचकीत उभी करावी. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर कोणी हे जसेच्या तसे केले, तर होळीच्या आत त्याच जागी आधीपेक्षा मोठा फोड येईल. डेंटिंग-पेंटिंगच्या कामात असलेल्या आम्हा काही जणांना म्हणूनच हे पत्र लिहावेसे वाटले. पत्र लांबले आहे, पण अर्धवट माहितीने झालेले नुकसान अर्धवट खुलाशाने भरून येत नाही.

घरी गंज काढता येतो. तळहाताएवढ्या जागेतला, पत्रा शाबूत असलेला गंज कोणीही सवडीने दोन सुट्ट्यांत नीट काढू शकतो. त्यात घासण्याचे काम सर्वांत सोपे असते. घासलेल्या जागी मीठ आणि ओल राहू न देता ती बंद करणे हे खरे काम आणि सगळे फसते ते तिथेच.

आधी टॉयलेट क्लीनरविषयी. आपल्याकडच्या बहुतेक टॉयलेट क्लीनरमध्ये साधारण दहा टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड असते. ते गंज झटक्यात विरघळवते, पत्रा पांढरा दिसू लागतो आणि काम झाले असे वाटते. पण मागे क्लोराइड उरते. ते गंजाने पाडलेल्या बारीक खड्ड्यांत आणि दोन पत्र्यांच्या सांध्यात जाऊन बसते आणि वरून कितीही पाणी मारले तरी सांध्यातून निघत नाही. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यातून जे पत्र्यावर येते तेच आपण हाताने आत भरतो. शिवाय त्याच्या वाफेने शेजारची अवजारे, बिजागऱ्या, नटबोल्टही गंजतात. सर्वांत धोक्याचे म्हणजे ते ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचच्या पाण्यात मिसळले तर क्लोरीन वायू सुटतो. बंद गॅरेजमध्ये किंवा इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये हे जिवावर बेतू शकते. कृपया एवढा खुलासा तरी पुरवणीत अवश्य छापावा.

कोला ओतून गंज काढण्याचा प्रकारही ऐकू येतो. त्यात फॉस्फरिक ॲसिड असते हे खरे, पण इतके थोडे की पत्र्यावर त्याचा उपयोग नाही. मागे चिकट साखर मात्र राहते.

आता दसऱ्याचे. मीठ ७५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त आर्द्रता असली की हवेतले पाणी ओढून स्वतः विरघळते. कोकणात जूनपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत हवा बहुतेक वेळ त्याहून दमट असते. म्हणजे पाऊस थांबलेला दिसला, पत्रा हाताला कोरडा लागला, तरी मिठाचा कण बसलेल्या जागी खाऱ्या पाण्याचा थेंब असतोच. अशा हवेत घासून उघडा केलेला पत्रा तासाभरात पिवळसर पडतो. त्यावर प्रायमर (रंगाखालचे अस्तर) मारला की तो पिवळा थर आत बंद होतो आणि तिथूनच पुढचा गंज सुरू होतो. नवरात्रात पाऊस हमखास एक-दोन दिवस हजेरी लावतो. पूजेला गाडी धुवा, पुसा, झेंडूची माळ घाला. गंजाला हात दिवाळीनंतर लावा.

मधल्या काळात गंज वाढू नये म्हणून काय करावे? फोड फोडू नयेत. ती जागा गोड्या पाण्याने धुवावी, फडक्याने टिपून उन्हात पूर्ण वाळू द्यावी आणि वर ग्रीस किंवा जाड वॅक्सचा हात द्यावा. हा तात्पुरता उपाय आहे. रंगाआधी ते सगळे काढावे लागेल, पण दीड-दोन महिने त्यावर निभतात. गाडीवर ताडपत्री किंवा प्लास्टिकचे आवरण मात्र घालू नये. खालून येणारी वाफ त्यात अडकते आणि पत्रा रात्रभर ओला राहतो.

काम करायला नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस चांगले. तेव्हाही सकाळी पत्र्यावर दहिवर असते. म्हणून दहाच्या पुढे सुरुवात करावी आणि रंगाचा शेवटचा हात चारच्या आत आटपावा. गाडी सावलीत हवी. उन्हात पत्रा इतका तापतो की थर पसरण्याआधीच वाळतो आणि संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत होतो.

गंज कुठे शोधायचा, हे गाडीची रचना पाहिली की कळते. मागच्या चाकावरच्या कमानीची आतली कड, दरवाजांची खालची घडी, फुटबोर्डाचे (दरवाजाखालच्या उंबऱ्याचे) खालचे जोड, डिकीच्या झाकणाची कड, स्टेपनीचा खड्डा, बॅटरीखालचा ट्रे, पुढच्या काचेखालच्या जाळीत पाने साचतात तो कोपरा आणि पायाखालच्या रबरी मॅटखालचा पत्रा. या सगळ्या जागा पाणी थांबण्याच्या आहेत. कोकणात त्यात जांभ्याच्या तांबड्या मातीची भर पडते. ही माती चाकाच्या कमानीत लिंपल्यासारखी बसते आणि बाहेर ऊन असले तरी आतून चार-चार दिवस ओली राहते. मासळीच्या टेम्पोतून गळणारे खारे पाणी रस्त्यावर असते, तेही चाकांनी उडून तिथेच जाते.

चाकाच्या कमानीची कड जरा जवळून पाहावी. तिथे बाहेरचा पत्रा आत वळवून दुसऱ्या पत्र्यावर घडी मारलेली असते. घडीत शिरलेले पाणी बाहेर येत नाही. रंगावर आधी मोहरीएवढे फोड दिसतात. नखाने दाबले तर फोड खाली जातो आणि कडेने तपकिरी पाण्याचा ओघळ येतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा लागते, त्यामुळे तो रंगाला खालून उचलतो. रंग खरवडला की दिसते, वर मोहरीएवढा असलेला फोड खाली रुपयाच्या नाण्याएवढा पसरलेला असतो. म्हणून फोडापुरतेच घासून थांबणाऱ्याचे काम वाया जाते.

घासण्याआधी पत्रा किती उरला आहे ते पाहावे. आजच्या गाड्यांचा बाहेरचा पत्रा साधारण पाऊण मिलिमीटरच असतो. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहावे. खणखणीत आवाज आला तर बरे, भदभद आवाज आला तर आत पोपडे आहेत. मग टोकाने बेताने टोचावे. टोक आत गेले किंवा पत्रा दबला, तर ते घरचे काम राहिले नाही. जुनी गाडी घेतलेली असेल तर कपड्यात गुंडाळलेले लोहचुंबक फिरवून पाहावे. जिथे ते धरत नाही तिथे आधीच्या कोणीतरी जाड पुट्टी भरली आहे असे समजावे. बोनेट किंवा बंपर ॲल्युमिनियमचा वा प्लास्टिकचा असेल तर तिथे चुंबक लागणार नाहीच, तेवढे ध्यानात ठेवावे.

पत्रा घट्ट असेल तर सामान जमवावे. ८०, १८०, ३२० नंबरचे कोरडे पॉलिश पेपर, ४००, ६००, १००० आणि २००० चे वॉटर पेपर, तारेचा हातब्रश, गंज बदलणारे रसायन म्हणजे रस्ट कन्व्हर्टर, दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर शंभर-दीडशे मिलि, खड्डे असतील तर शे-दीडशे ग्रॅम पॉलिएस्टर पुट्टी आणि तिची हार्डनरची (कडक करणाऱ्या रसायनाची) ट्यूब, प्रायमर सरफेसर (घासून सपाट करायचे अस्तर), गाडीच्या कोडचा रंग, क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर), मास्किंग टेप, धागे न सुटणारे सुती फडके, आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा रंगवाल्याकडचे डिग्रीझर (तेलकटपणा काढणारा द्रव). डोळ्यांना गॉगल आणि हातात नायट्राइलचे मोजे हवेतच. घासताना एन-९५ मास्क चालतो. रंग आणि थिनरच्या वाफेला तो चालत नाही, तिथे कार्बनच्या कार्ट्रिजचा मास्क लागतो.

आधी गाडी साबणाने आणि भरपूर गोड्या पाण्याने धुवावी. किनाऱ्यालगतच्या गावांत विहिरीचे पाणी उन्हाळ्याकडे मचूळ होते. त्या पाण्याने धुतले तर आपणच पत्र्यावर मीठ लावतो. शेवटचे पाणी नळाचे किंवा फिल्टरचे घ्यावे. धुऊन वाळल्यावर डिग्रीझरने पुसावे आणि मगच घासावे. वॅक्स आणि तेल आधी पुसले नाही, तर पॉलिश पेपर ते पत्र्याच्या रेघांत कोंबतो आणि पुढे प्रायमर तिथे धरत नाही.

घासायला ८० नंबरने सुरुवात करावी. ग्राइंडर वापरणाऱ्याने तारेच्या कपब्रशवर फार भिस्त ठेवू नये. तो गंजाला चकचकीत पॉलिश करतो. वरून धातू दिसतो, पण खड्ड्यांत गंज तसाच राहतो. फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पट्ट्यांची चकती) चालते, पण एका जागी दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नये. पातळ पत्रा निळा पडेपर्यंत तापला की वाकडा होतो आणि मग ती लाट पुट्टीनेच झाकावी लागते. ठिणग्या काचेवर उडाल्या तर काचेत रुततात, म्हणून काचेवर जाड ओले गोणपाट टाकावे. पेट्रोलच्या टाकीच्या तोंडाजवळ आणि सीएनजीच्या नळीजवळ ग्राइंडर लावूच नये. तिथे हातानेच घासावे.

घासणे कुठे थांबवायचे? गंज संपून चारी बाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर निरोगी, चकचकीत पत्रा दिसेपर्यंत. त्याहून पुढे उगाच जाऊ नये, कारण अनेक गाड्यांच्या पत्र्यावर जस्ताचा काही मायक्रॉनचा थर असतो. आपण घासून तो काढला की तेवढ्या पत्र्याचे कवच गेले. त्यानंतर जुन्या रंगाची कड १८० आणि ३२० ने उतरती करावी. बोट फिरवले तर रंगातून पत्र्यावर येताना पायरी जाणवता कामा नये. ती जाणवली तर शेवटच्या रंगातूनही दिसेल.

एवढे करूनही खड्ड्यांच्या तळाशी काळे ठिपके राहतात. रस्ट कन्व्हर्टर लागतो तो यांच्यासाठी. तो दोन प्रकारचा मिळतो. एक फॉस्फरिक ॲसिडचा. तो गंजाचे लोह फॉस्फेट करतो. तो पत्र्यावर पंधरा-वीस मिनिटे ओला ठेवायचा, जुन्या टूथब्रशने खड्ड्यांत घासायचा, वाळू द्यायचा नाही, मग पुसून भरपूर पाण्याने धुऊन लगेच कोरडा करायचा. दुसरा टॅनिक ॲसिडचा. तो गंजावर निळसर काळा थर धरतो आणि त्याला तसाच वाळू द्यायचा असतो. डबा कुठला आहे हे न पाहता एकाची रीत दुसऱ्याला लावली की पुढचा रंग सोलून येतो. फॉस्फरिकचा अंश पत्र्यावर राहिला तर त्यावर इपॉक्सी नीट कडक होत नाही. वरचा प्रायमर कुठल्या कन्व्हर्टरवर चालतो ते प्रायमरच्या डब्यावर लिहिलेले असते, ते वाचावे. आणि कन्व्हर्टर सुट्या, पोपड्यांच्या गंजावर ओतून घासण्याचे काम वाचत नाही. तो वरचा पापुद्रा बदलतो, खालचा गंज तसाच चालू राहतो.

तीव्र फॉस्फरिक ॲसिड आणून घरी पातळ करणाऱ्यांनी पाण्यात ॲसिड घालावे, ॲसिडमध्ये पाणी कधीही ओतू नये. खरे तर पत्र्याच्या कामाला तयार मिळणारे वापरलेलेच बरे. कुठलेही ॲसिड दरवाजाच्या घडीत किंवा जोडात जाऊ देऊ नये, कारण तिथून ते धुऊन काढता येत नाही. त्या कडेला आधी टेप लावावी.

सुटे करून काढता येणाऱ्या भागांना, जसे की बॅटरीचा क्लॅम्प, ब्रॅकेट, साधे स्क्रू, याहून स्वस्त उपाय आहे. किराणा दुकानात लिंबूफूल म्हणून मिळणारे सायट्रिक ॲसिड एक लिटर गरम पाण्यात ५० ते ६० ग्रॅम घालावे, भाग त्यात तीन-चार तास बुडवावा, ब्रशने घासावा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळून काढावा आणि वाळवून लगेच रंगवावा किंवा तेल लावावे. जस्ताचा मुलामा असलेला भाग यात टाकला तर मुलामाही जातो. स्प्रिंग, सीटबेल्टचे बोल्ट, सस्पेन्शनचे कडक पोलादी बोल्ट ॲसिडमध्ये टाकूच नयेत. ॲसिडमुळे असे पोलाद ठिसूळ होते आणि पुढे अचानक तुटते. ते नवेच घालावेत.

पत्रा कोरडा झाला की त्याच तासाला प्रायमर. जेवायला जायचे असेल तर प्रायमर मारून जावे. उघड्या पत्र्याला बोट लावू नये, घामात मीठ असते. इपॉक्सी प्रायमर आणि त्याचा हार्डनर डब्यावरच्या प्रमाणात मापाने घ्यावा, अंदाजाने नाही. छोट्या जागेला ब्रशने किंवा बारीक फोमच्या रोलरने दोन पातळ हात दिले तरी चालते. आमच्या मते घरच्या कामात हाच थर सर्वांत महत्त्वाचा. साधा वन-पॅक (हार्डनर न लागणारा) राखाडी प्रायमर सच्छिद्र असतो, पाणी धरतो. ‘प्रायमर मारून ठेवलाय, रंग सवडीने करू’ म्हणून दोन महिने उघड्यावर ठेवलेल्या गाडीला त्या प्रायमरखालीच गंज धरतो.

खड्डे भरायचे असतील तर पुट्टी इपॉक्सीवर लावावी. इपॉक्सी वाळल्यावर १८० ने खरबरीत करून घ्यावा. ॲसिडवाल्या एचिंग प्रायमरवर पॉलिएस्टर पुट्टी लावू नये. ॲसिडमुळे ती खालून नीट पकडत नाही आणि काही महिन्यांत खपली निघते. प्रमाण शंभर ग्रॅम पुट्टीला सुमारे दोन ग्रॅम हार्डनर. लवकर वाळावी म्हणून जास्त घातला तर रंगावर पिवळट डाग उमटतो, कमी घातला तर पुट्टी आतून मऊ राहते. काचेवर किंवा गुळगुळीत फरशीच्या तुकड्यावर दाबून एकजीव करावी. घुसळली तर हवा शिरते आणि घासताना टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे उघडी पडतात. गरम हवेत हाताशी पाच मिनिटेही मिळत नाहीत, म्हणून लिंबाएवढीच कालवावी. थर एकूण तीन मिलिमीटरच्या वर नको. आणि पुट्टीवर पाणी लावून घासू नये. ती पाणी शोषते आणि ते पाणी थेट पत्र्यापर्यंत नेते. आपल्याकडे पुट्टीवर सर्रास ओला पेपर मारतात. किनाऱ्यावरच्या गाड्यांना पुट्टीखालून गंज येण्याचे हे मोठे कारण आहे. कोरड्या ८०, १८०, ३२० ने, लाकडाच्या सपाट ठोकळ्याला पेपर गुंडाळून घासावे. नुसत्या बोटांनी घासले तर बोटांच्या रेघा पडतात.

पुट्टीवर प्रायमर सरफेसरचे दोन-तीन हात, ते पूर्ण वाळल्यावर ४०० आणि ६०० ने पाणी लावून घासणे, पुसून पुन्हा वाळवणे. सरफेसर घासताना खालचा पत्रा कुठे चमकला तर तिथे पुन्हा इपॉक्सी. त्यावर थेट रंग मारू नये.

रंगाचा कोड ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवर किंवा बोनेटखालच्या पट्टीवर असतो. तो दाखवूनच रंग घ्यावा. कोड बरोबर असला तरी दहा वर्षे उन्हात राहिलेल्या गाडीचा रंग उतरलेला असतो. साधा पांढरा किंवा तांबडा बराच जुळतो, मेटॅलिक चंदेरी आणि करडा घरच्या स्प्रेने तंतोतंत जुळत नाही. फुटबोर्डाच्या खालच्या बाजूला याने काही बिघडत नाही. बोनेटच्या मधोमध असेल तर प्रायमरपर्यंत घरी करून रंग पेंटरकडून मारून घ्यावा, यात पैसाही वाचतो आणि खालचे काम आपल्या डोळ्यांदेखत झालेले असते.

टेप लावताना रंगाच्या बाजूची कड उलटी दुमडावी, म्हणजे रंगाची पायरी राहत नाही. झाकायला वर्तमानपत्र चालते, पण दुहेरी. एकेरी कागदातून थिनर झिरपतो आणि शाई जुन्या रंगावर उतरते. आजूबाजूचा जुना रंग १००० च्या वॉटर पेपरने चमक जाईपर्यंत घासून घ्यावा. डबा दोन-तीन मिनिटे हलवावा, २० ते २५ सेंटिमीटरवरून हात चालता ठेवून तीन पातळ थर द्यावेत आणि दोन थरांत दहा-पंधरा मिनिटे जाऊ द्यावीत. पहिला थर खालचे झाकत नाही म्हणून दुसऱ्यांदा तिथेच दाबला की ओघळ आलाच. वर क्लिअरचे दोन-तीन थर, रंगापेक्षा जरा बाहेरपर्यंत. क्लिअर दुधाळ पडला तर समजावे की हवा दमट होती. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि त्यावर बाष्प बसते. तेव्हा वरून आणखी क्लिअर मारू नये. वाळू द्यावे आणि कोरड्या दिवशी घासून तो थर पुन्हा द्यावा.

हार्डनरवाला टू-के क्लिअर टिकाऊ असतो, पण त्यात आयसोसायनेट असते. त्याने दमा जडू शकतो आणि साधा कार्ट्रिज मास्क त्याला पुरेसा मानत नाहीत. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क आणि रंगाची खोली नसेल तर तो घरी मारू नये. साध्या, बिनहार्डनरच्या वन-के क्लिअरवर पेट्रोल सांडले तर तो मऊ पडतो, म्हणून टाकीच्या झाकणाजवळ घरचा स्प्रे टिकत नाही. आठवड्याने २००० च्या ओल्या पेपरने हलकेच घासून रबिंग कंपाउंडने चमक आणावी. वॅक्स महिन्यानंतर.

इथवरचे सगळे बाहेरून दिसणाऱ्या पत्र्याचे झाले. गंज आतून येत असेल तर बाहेरचे काम करून उपयोग नाही. दरवाजाच्या खालच्या कडेला पाणी निघायला भोके असतात. ती मातीने बुजतात आणि दरवाजात पाणी साठते. प्लास्टिकच्या केबल टायने ती मोकळी करावीत, लोखंडी तार घातली तर रंग खरवडतो. अंडरबॉडी कोटिंग करणारे पुष्कळदा हीच भोके बुजवून ठेवतात, म्हणून कोटिंगनंतर ती हटकून मोजून पाहावीत. गंजलेल्या, ओल्या तळावर मारलेले डांबरी कोटिंग गंज झाकते आणि ओल आत धरून ठेवते. तळ धुऊन, खरवडून, वाळवून, प्रायमर मारूनच कोटिंग करावे. दरवाजा, फुटबोर्ड, डिकीचे झाकण यांच्या पोकळीत लांब नळीचे कॅव्हिटी वॅक्स मारावे. ते घडीत झिरपते आणि मऊ राहते. जळके ऑइल तळाला फासण्याची टेम्पोवाल्यांची जुनी पद्धत सोडून द्यावी. त्याने रबरी बुश फुगतात, ब्रेकवर थेंब उडाले तर ब्रेक लागत नाही आणि पहिल्या पावसात ते सगळे शेतात आणि ओढ्यात जाते.

सीएनजीच्या गाड्यांत डिकीच्या तळाचा पत्रा सिलिंडरखाली लपलेला असतो. सिलिंडर घरी सोडवू नये. दर तीन वर्षांनी त्याची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) करावीच लागते, तेव्हा तो बाहेर निघतो. त्या दिवशी गाडीजवळ थांबून तळाचा आणि सिलिंडरच्या पट्ट्या बसतात तिथला पत्रा पाहावा, आणि गंज असेल तर सिलिंडर परत बसण्याआधी तो काढून घ्यावा. ही संधी गेली की पुन्हा तीन वर्षे.

समुद्रकिनाऱ्यावर वाळूत गाडी घालणाऱ्यांना आमची कळकळीची विनंती, घालू नका. भरतीच्या पाण्यातून चाके गेली असतील तर त्याच दिवशी, रात्र होण्याआधी, चाकांच्या कमानी आणि तळ गोड्या पाण्याने खालून धुवा. दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरला नेऊ, असे म्हणेपर्यंत खारे पाणी घड्यांत शिरलेले असते.

आणि जिथे स्क्रू-ड्रायव्हर आरपार गेला, त्या जागेचे. फुटबोर्ड, जॅक लावायची जागा, चॅसिसचे मेंबर, शॉकॲब्सॉर्बरचा टॉवर, सीटबेल्टचा नट बसतो तो पत्रा आणि सीटखालचा तळ हे अपघातात माणसाला वाचवणारे भाग आहेत. तिथे एम-सील, फायबर किंवा जाळीवर पुट्टी भरून भोक बुजवणे म्हणजे जीव धोक्यात घालणे आहे. हे भाग सडका पत्रा कापून त्याच जाडीचा नवा पत्रा वेल्ड करूनच दुरुस्त होतात. विम्याचा दावा यात चालत नाही, कारण झीज आणि गंज नेहमीच्या पॉलिसीत वगळलेले असतात. खर्च खिशातून होणार असल्यामुळे स्वस्तातल्या पुट्टीचा मोह होतो, हे आम्हाला रोज दिसते.

अशा कामाला गाडी गॅरेजमध्ये द्याल तेव्हा आधी चार गोष्टी ठरवून घ्याव्यात. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवायची, आतले कार्पेट आणि फोम काढायचे, वेल्डच्या दोन्ही बाजूंना इपॉक्सी प्रायमर लागला पाहिजे, आणि आतल्या बाजूला ब्रश पोचत नसेल तर नंतर तिथे कॅव्हिटी वॅक्स मारले पाहिजे. वेल्ड झाल्यावर, प्रायमर आणि पुट्टीआधी, उघड्या पत्र्याचा फोटो मोबाइलवर मागवावा. चांगला कारागीर तो आनंदाने पाठवतो. फोटोत वेल्डची रेघ सलग दिसली पाहिजे. फक्त चार कोपऱ्यांत टाके मारून मधली फट दिसत असेल, तर पुट्टी लागण्याआधी जाऊन काम थांबवावे.

आपले,
किनारपट्टीवर डेंटिंग-पेंटिंगचे काम करणारे काही वाचक,
जि. रत्नागिरी